भट्टीची बाजू

कारखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणत आणि त्या नावाचा तिला कधी राग आला नाही. एकतीस वर्षं तिने काचेच्या बाटल्या पाहिल्या. पाहणं हेच काम. अंधारी खोली, समोर मागून उजळलेला दुधी काचेचा पडदा आणि त्या पडद्यापुढून पट्ट्यावर उभ्यानं सरकत जाणाऱ्या बाटल्या. एखादीत बुडबुडा, एखादीला केसाएवढा तडा, एखादीच्या तळाशी वितळायचा राहिलेला खडा. दिसला की हात पुढे करायचा, बाटली उचलायची, पायाशी ठेवलेल्या पेटीत सोडायची. तोंडानं काही बोलायचं नाही, कारण बोलेपर्यंत चार बाटल्या पुढे जात.

बाटल्या डावीकडून येत. डाव्या भिंतीपलीकडे भट्टी होती आणि भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून पट्टा आत शिरताना तिची धग बरोबर घेऊन यायचा. त्या खोलीतल्या बायकांचे डावे गाल उजव्यांपेक्षा काळवंडलेले असत. डावा भाजका, उजवा कच्चा, असं म्हणून त्या एकमेकींना हसत.

दर वीस मिनिटांनी जागा बदलायची, हा तिथला नियम. वीस मिनिटांनंतर डोळे उघडे राहतात पण मागे माणूस नसतं, असं मुकादम म्हणायचा. मग दुर्बीण उठून शेजारच्या पॅकिंगच्या खोलीत जायची आणि तिथून भोंगा यायची. भोंगा ही तिची पाळीची जोडीदारीण. आवाज असा, की कारखान्याचा भोंगा बंद पडला तर हिला उभी करा, असं कुणीतरी म्हटलं आणि ते चिकटलं. दोघींची एकतीस वर्षांची मैत्री त्या दोन खोल्यांमधल्या दारात, अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत झाली. सांगायला घेतलेली गोष्ट वीस मिनिटं अधांतरी लटकायची आणि पुढच्या फेरीत बरोबर त्याच शब्दापासून सुरू व्हायची.

आणि एक होती चोरबाटली. पाळीत कधीतरी, कुणाला कळू न देता, मुकादम एक मुद्दाम सदोष बाटली पट्ट्यावर सोडायचा. तळाला निळ्या रंगाचा टिपका. ती जिच्यासमोरून निसटली तिच्या नावापुढे फळ्यावर फुली. महिन्यात तीन फुल्या झाल्या की पडदा सुटला, महिनाभर नुसतं पॅकिंग. दुर्बिणीच्या नावापुढची जागा एकतीस वर्षं कोरी राहिली. चोरबाटली सापडली तरी ती मुकादमाकडे मान वर करून बघायची नाही. मुकाट्यानं उचलायची, वेगळी ठेवायची, पुढची बघायची.

नोकरीतून मोकळी होऊन तिसरं वर्ष लागलं, तेव्हा एका सकाळी चहाचा कप तिच्या डाव्या हातातून सुटला. कप पडल्याचं तिला ऐकू आलं. हात सुटल्याचं मात्र कळलं नाही. समोरच्या घरातून भोंगा धावत आली. तीन आठवडे दवाखाना झाला. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. हात परत आला, पायही जरासा ओढत का होईना परत आला. दुसऱ्या शहरात नोकरीला असलेला मुलगा दोन महिन्यांची रजा घेऊन येऊन राहिला.

सगळे म्हणाले, नशीब, थोडक्यात निभावलं. तिलाही तसंच वाटलं. फक्त घरी आल्यापासून माणसं विचित्र वागायला लागली होती.

मुलगा ताटात एकच अंडं वाढायचा. ती ते खायची आणि वाट बघायची. मग तो काही न बोलता ताट अर्धं फिरवायचा आणि तिथे पाव असायचा, भाजी असायची, गरम. कुठून आली, हे ती विचारायची नाही. केस विंचरून ती बाहेर यायची, तर तो म्हणायचा, "आई, अर्धेच विंचरलेत." आरशात तर पूर्ण बाई दिसत होती. वर्तमानपत्रातल्या बातम्या मधूनच सुरू होत, कोण मेलं ते न सांगता नुसतं कुठे मेलं एवढंच सांगत. बैठकीच्या खोलीतून न्हाणीघराकडे जाताना वाटेत दार नाहीसं झालेलं असायचं. ती सबंध खोलीला वळसा घालून यायची तेव्हा ते पुन्हा भिंतीत असायचं.

आणि प्रश्न. आज वार कोणता? हे काय आहे? खिडकी दाखवा बरं. चष्मा कुठाय? चष्मा कुठाय, हे विचारणाऱ्यालाच ठाऊक असायचं. ते त्याच्या तोंडावर दिसायचं. चोरबाटली सोडून नाकासमोर बघत उभ्या राहणाऱ्या मुकादमाचं तोंड असंच दिसायचं.

आठवड्यातून दोनदा एक तरुण बाई यायची. मेंदूच्या व्यायामाची बाई, असं मुलाने सांगितलं होतं. तिने पिशवीतून पाटीएवढा टॅब काढला आणि त्यावर खेळ लावला, तेव्हापासून दुर्बिणीने तिचं नाव खेळवाली ठेवलं.

"काकू, कारखान्यात तुम्ही बाटल्या बघायच्या ना? म्हणून मी हा खेळ निवडलाय," खेळवाली म्हणाली. "पट्ट्यावरून फळं येतील. किडकं दिसलं की बोट लावायचं. पन्नास किडकी येणार आहेत."

दुर्बिणीला हसू आलं. एकतीस वर्षं जे पोटासाठी केलं ते आता हिच्या समाधानासाठी करायचं. तिने पदराला हात पुसले, जसे पडद्यासमोर बसताना पुसायची, आणि ताठ बसली.

फळं आली, पण कुठून ते कळेना. पट्ट्याच्या मध्यावर, हवेतून, आधी काही नसताना फळ उभं राहायचं आणि लगेच निघून जायचं. बघायला वेळच मिळत नव्हता. हे पाहणं नव्हतं, झडप घालणं होतं.

"पन्नासातली एकोणीस," खेळवाली म्हणाली.

"तुमच्या पट्ट्याला सुरुवात नाहीये," दुर्बीण म्हणाली.

खेळवालीने टॅबच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. "तुमचे डोळे चांगले आहेत, काकू. पण डाव्या बाजूचं डोळ्यांनी पाठवलं तरी मेंदू ते उचलून घेत नाही. तुम्हाला ती बाजू अंधारी दिसत नाही, ती बाजू आहे हेच लक्षात येत नाही. ही लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची."

"कुठली लाल पट्टी?"

मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

नंतर त्याने सांगून टाकलं. तो गोड बोलणाऱ्यातला नव्हता, आईवरच गेला होता. "माझी रजा संपली की तू माझ्याकडे येतेस. दोघं आहोत आम्ही, एक खोली रिकामी आहे."

"आणि हे घर?"

"बंद करू. तू एकटी राहणार कशी? गॅस आहे, जिना आहे."

"समोर भोंगा आहे."

"मावशींचं वय काय? त्यांचा फक्त आवाज तरुण आहे." मग म्हणाला, "ती बाई म्हणते, खेळात चाळीसच्या वर गेलीस तर बघता येईल. तेही कशाच्या आधाराशिवाय."

चाळीस. तिला आकडा समजला, खेळ समजला नाही. ही दोन खोल्यांची जागा तिने पडद्यासमोर बसून उभी केली होती. नवरा याच घरात आजारी पडला आणि याच घरातून गेला. सकाळी खिडकी उघडली की समोरून भोंगा विचारायची, उठलीस का गं, आणि सबंध जिना उठायचा. ते सगळं आता हवेतून येणाऱ्या फळांवर अवलंबून होतं.

त्या आठवड्यात तिचा विचार पक्का झाला. तिची परीक्षा फक्त खेळात नव्हती, घरभर चालू होती. मुलगा आणि खेळवाली दारात कुजबुजायचे, हे तिने ऐकलं होतं. "वस्तू मुद्दाम त्या बाजूला ठेवत जा," असं खेळवाली म्हणाली होती. म्हणजे चोरबाटल्याच. मग त्याची रीत तिला कुणी शिकवायला नको होती. बोलायचं नाही, मान वर करायची नाही, सदोष ते उचलायचं आणि वेगळं ठेवायचं.

चौथ्या दिवशी पलंगाखाली झाडू घालताना मुलाला धुण्याची बादली सापडली. आत त्याचा एक निळा सदरा, कान तुटलेला कप, एक चप्पल, भिंतीवरचं छोटं घड्याळ, गोळ्यांचं पाकीट, कात्री आणि सदऱ्यात गुंडाळलेलं त्याचं ऑफिसचं ओळखपत्र, जे तो दोन दिवस शोधत होता.

तो बादली घेऊन बैठकीत आला आणि ती तिच्यासमोर ठेवून खुर्चीवर बसला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"आई, हे काय आहे?"

हाही एक प्रश्नच होता, वार कोणता तसा. पण उत्तर त्याच्या तोंडावर दिसत नव्हतं. ती गोंधळली. याला खरंच माहीत नाही की काय?

"पेटी आहे," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात भोंगा वाटीवर झाकण ठेवून काहीतरी घेऊन आली. तिला सांगायची गरज नव्हती. तिने बादलीत हात घातला आणि पॅकिंगमध्ये बाटल्या लावायची त्या सवयीने वस्तू जमिनीवर ओळीनं मांडल्या.

"सदऱ्याचं बटण तुटलंय. कपाला कान नाही. चपलेचा अंगठा उसवलाय. घड्याळ बंद. कात्रीचा खिळा सैल." तिने गोळ्यांचं पाकीट लांब धरून वाचलं. "ह्याची तारीख तर गेल्या महिन्यात संपली. अरे बाबा, तू हिला हेच देत होतास?"

मुलाने पाकीट हिसकावून घेतलं आणि दोनदा वाचलं.

"आणि या कार्डाला काय झालंय?" भोंगाने ओळखपत्र उलटं-सुलटं केलं.

"फोटो बघ," दुर्बीण म्हणाली. "डोळे मिटलेत."

भोंगा अशी हसली की खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावली. मुलगाही हसला, पण अर्धाच. खेळवाली आली तेव्हा त्याने तिला सगळी रांग दाखवली, जणू शाळेचं प्रगतिपुस्तक. तिने कौतुक केलं, मग विचारलं, "काकू, हे सगळं कुठं कुठं मिळालं?" दुर्बिणीने एकेक जागा सांगितली. खेळवाली पलंगाशी उभी राहिली, दाराशी उभी राहिली, ओट्याशी उभी राहिली, आणि हळूच म्हणाली, "सगळं उजवीकडचं आहे."

घराचा एक भाग डोळ्यात तेल घालून तपासला गेला होता. दुसऱ्या भागातल्या किती बाटल्या तशाच पुढे गेल्या असतील, याचा दुर्बिणीने विचार केला. फळा डोळ्यांसमोर आला. नावापुढे फुल्याच फुल्या. पण ज्या बाजूला पट्टाच नाही, तिथली बाटली सुटली कशी म्हणायची? आणि सुटली नसेल, तर ही पोरगी अशी का बघते आहे?

"पुन्हा लावा तो खेळ," ती म्हणाली.

एकवीस. भोंगा मागे उभी राहून बघत होती. तिसऱ्या फेरीला तिचा धीर सुटला.

"अगं पोरी, हिला भट्टीच दिलेली नाहीस तू."

"काय?"

"भट्टी. बाटली कुठून येते ते आम्ही डोळ्यांनी बघायचोच नाही. गालाला कळायचं. थांब." ती घरी जाऊन रबरी पिशवीत गरम पाणी भरून आली, टॉवेलात गुंडाळली आणि दुर्बिणीच्या पलीकडच्या बाजूला स्टूल ओढून बसली. म्हणजे दुर्बिणीपुरती नाहीशी झाली. मग डाव्या गालाजवळ धग आली.

दुर्बीण थबकली. ती धग तिच्या ओळखीची होती. घरात इतके दिवस कुठेच नव्हती.

"आता धग नाकावर येईस्तोवर मान वळव," भोंगाचा आवाज म्हणाला.

तिने वळवली. गालावरची ऊब सरकत सरकत नाकाच्या शेंड्यावर आली आणि तिथे टॉवेल होता, पिशवी होती, भोंगाचा सुरकुतलेला हात होता. मधल्या वाटेत एक लाल चिकटपट्टी होती.

"ही कधी लावली?" तिने विचारलं.

"दोन आठवडे झाले, काकू," खेळवाली म्हणाली.

त्या दिवशी तेहेतीस झाली. वीस मिनिटं झाल्यावर दुर्बीण आपणहून उठली, भोंगा तिच्या खुर्चीत बसली आणि तिने सोळा मिळवली. "माझ्या मेंदूला तर काही झालेलं पण नाही," ती म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस तसेच गेले. वीस मिनिटं ही, वीस मिनिटं ती. पिशवी गालाजवळ असली की चाळीस, त्रेचाळीस. पिशवी काढली की एकतीस. कधी दुर्बिणीला धग नसतानाही धग आठवायची आणि मान वळायची. कधी आठवण यायची आणि मान विसरायची. आज जमलेलं उद्या का जमत नाही, हे तिला कळत नव्हतं. खेळवालीलाही कळत नसावं, कारण ती म्हणायची, "होतं असं." तेवढ्या एका वाक्यावर दुर्बिणीचा विश्वास बसला. ते उत्तर माहीत असलेल्या माणसाचं वाक्य नव्हतं.

रजा संपायच्या दोन दिवस आधी शेवटची फेरी ठरली. पिशवी नाही, भोंगा समोर तिच्या घरी. मुलगा दूध तापत ठेवून आला आणि आईच्या खुर्चीमागे उभा राहिला. दुर्बिणीने पदराला हात पुसले. फळं आली. कधी कडेपासून, कधी मध्यातून. तिला गालावर भट्टी आठवायची होती, पण गालाला त्या दिवशी फक्त पंख्याचा वारा लागत होता.

"अडतीस," खेळवाली म्हणाली. तिने आकडा पुन्हा पाहिला, जणू तो बदलेल. "खूप आहेत काकू. एकोणीसवरून अडतीस."

"चाळीस नाहीत," दुर्बीण म्हणाली.

मुलगा खेळवालीला खाली सोडायला गेला. जिन्यातून त्यांचा आवाज येत राहिला. एका जागी थांबलेला आवाज म्हणजे माणसं उभी राहून बोलताहेत. आपल्याबद्दलच. दुर्बीण पाणी प्यायला उठली.

स्वयंपाकघराच्या दारात तिला वास आला. करपल्याचा. तिने कचऱ्याच्या डब्यात पाहिलं. खिडकीतून खाली पाहिलं. इस्त्री पाहिली, तिची वायर गुंडाळलेली होती. वास सगळीकडे होता आणि कुठेच नव्हता. ही कसली बाटली, पेटीत टाकता न येणारी? ती परत फिरली, पाण्याच्या भांड्याकडे दोन पावलं गेली आणि डावा गाल तापला.

तिने पाय थांबवला. मान वळवली. गाल, गालाचं हाड, नाकाचं टोक. समोर शेगडी होती. डावा बर्नर पेटलेला, दूध आटून गेलेलं, पातेल्याचा तळ तपकिरी आणि आचेच्या इतकं जवळ हातपुसणं, की अजून जरा वेळ गेला असता तर पेटलं असतं. तिने बटण फिरवलं. हातपुसणं खाली घेतलं, पातेलं त्यानेच धरून मोरीत ठेवलं आणि नळ सोडला. चर्र आवाज झाला. मग ती बैठकीत जाऊन खुर्चीवर बसली. बोलायचं नसतं.

मुलगा वर आला तो जिन्यातच वास लागून, दोन दोन पायऱ्या चढत. स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात करपलेलं पातेलं होतं.

"आई, गॅस कुणी बंद केला?"

ती त्याच्या तोंडाकडे निरखून बघत राहिली. पडद्यापुढून बाटली जाताना बघायची तशी. तळाला निळा टिपका शोधत होती.

"चोरबाटली होती ना ती?" तिने विचारलं. "तुम्ही दोघांनी ठेवलेली?"

तो खाली बसला, तिच्या पायांशी. हो म्हणणं सोपं होतं. तो हो म्हणणार आहे, असं तिला एक क्षण वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "मी विसरलो. तुझे आकडे बघत उभा राहिलो आणि विसरलो."

चोरबाटली नव्हती तर ही खरीच होती. मग आज कुणाची परीक्षा झाली, आणि घेतली कुणी? दुर्बिणीने डोक्यात सगळं उलटं-सुलटं करून पाहिलं. अडतीस हे चाळीसला कमीच होते. गॅस बंदच होता. दोन्ही एकाच सकाळी, एकाच मानेनं.

"तुझ्या नावापुढे एक फुली," शेवटी ती म्हणाली.

"लिही."

"तीन झाल्या की पॅकिंगला."

तो हसला, मग तिच्या गुडघ्यावर कपाळ टेकवून तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "मी तिकीट एकच काढतो. महिनाभर बघू. मावशींकडे किल्ली, आणि ती बाई तीनदा येईल. मधे काही झालं तर मात्र..."

"तर मात्र," ती म्हणाली. तिला तेवढं पुरेसं होतं.

दोन दिवसांनी सकाळी तो निघाला. दारात भोंगा त्याला कुठल्या गाडीत कुठे बसायचं ते सबंध जिन्याला सांगत होती. दुर्बीण उंबऱ्यात उभी होती. समोर भोंगा होती, कठडा होता, उजेड होता. मुलगा नव्हता. आत्ता तर होता. निरोप न घेता गेला की काय? तिने उजवीकडे पाहिलं, मागे पाहिलं. जिन्यात पावलांचा आवाज नव्हता.

"आई," कुठूनसा त्याचा आवाज आला, "मी भट्टीच्या बाजूला आहे."

गालावर काहीच नव्हतं, ना धग, ना ऊब. तरी तिने मान वळवली. कठडा सरला, भिंत सरली, समोरच्या दाराची चौकट सरली. अजून वळवली. आणि तिथे तो होता, खांद्याला बॅग लावून. त्याने सदऱ्याची बटणं तिला मोजून दाखवली. सगळी होती.